कोरी सायकलमधले दोन कोरी: प्राग ते सेंट लुईस



नेट, सेट किंवा गेटची तयारी करताना बायोकेमिस्ट्रीत एक प्रश्न हमखास भेटतो: स्नायूंत तयार झालेलं लॅक्टेट पुढे कुठे जातं? उत्तर आपल्याला तोंडपाठ असतं. ते रक्तातून यकृतात जातं, तिथे त्याचं परत ग्लुकोज होतं आणि ते ग्लुकोज पुन्हा स्नायूंकडे येतं. या चक्राला कोरी सायकल म्हणतात. स्नायूला दोन एटीपी मिळतात, यकृताचे सहा खर्च होतात. झालं, मार्क खिशात.

पण कोरी म्हणजे कोण, हे पेपरात कुणी विचारत नाही. त्यामुळे कोरी नावाचा कुणीतरी एक शास्त्रज्ञ असेल, असं आपण धरून चालतो. प्रत्यक्षात ते जोडपं होतं. गर्टी कोरी आणि कार्ल कोरी. दोघांचा जन्म 1896 सालचा, प्रागमधला. दोघं एकाच कॉलेजात डॉक्टर झाले, एकत्र देश सोडला, परक्या देशात संसार आणि लॅब दोन्ही उभे केले आणि 1947 साली नोबेलही एकत्रच घेतलं.

आज त्यांच्या शोधापेक्षा त्यांच्या बिऱ्हाडाबद्दल जास्त लिहिणार आहे. कारण रिसर्चला उतरताना जे प्रश्न कुठल्याच सिलॅबसमध्ये नसतात, ते सगळे या दोघांसमोर आले होते. कुठल्या गावी जायचं? जोडीदाराचं काय? पेपरवर आधी नाव कुणाचं? पगार कुणाला आणि पोस्ट कुठली? हे प्रश्न विज्ञानाच्या बाहेरचे वाटतात. कोरींच्या बाबतीत मात्र काय शोध लागणार आणि काय नाही, हे याच प्रश्नांच्या उत्तरांवर ठरत गेलं.

प्रागचे दोन विद्यार्थी

गर्टी राडनिट्झ प्रागच्या एका ज्यू घरातल्या. वडील रसायनशास्त्र शिकलेले आणि साखर कारखान्यांचे व्यवस्थापक. आपल्याकडे साखर म्हटली की ऊस, तिकडे बीट. पुढे आयुष्यभर साखरेचाच अभ्यास करणाऱ्या मुलीच्या घरात साखरेचं रसायन आधीपासून होतं, हा योगायोग गमतीचा आहे. त्या काळात मुलींच्या शाळेत लॅटिन, गणित, भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र हे मेडिकलला लागणारे विषय पुरेसे शिकवत नसत. गर्टींनी ती तयारी वेगळी आणि अगदी थोड्या काळात केली आणि 1914 साली प्रागच्या जर्मन विद्यापीठात मेडिकलला प्रवेश मिळवला.

तिथेच कार्ल कोरी भेटले. कार्ल वाढले ते ट्रिएस्ट या बंदराच्या गावी. त्यांचे वडील तिथल्या सागरी जीवशास्त्र केंद्राचे संचालक होते. दोघांनाही डोंगर चढायची आणि स्कीइंगची आवड होती. मध्येच पहिलं महायुद्ध आलं आणि कार्ल यांना ऑस्ट्रियाच्या सैन्यात जावं लागलं. परत आल्यावर शिक्षण पुरं झालं. 1920 साली दोघांनी पदवी घेतली, त्याच वर्षी ऑगस्टमध्ये व्हिएन्नात लग्न केलं आणि रक्तातल्या सीरमवरचा त्यांचा पहिला संयुक्त पेपरही त्याच वर्षी आला. म्हणजे या दोघांचा संसार आणि पेपर लिहिणं एकदमच सुरू झालं. लग्नासाठी गर्टींनी कॅथलिक धर्म स्वीकारला. तरीही सून ज्यू घरातली आहे, मुलाच्या करिअरला त्याचा त्रास होईल, ही धास्ती कार्ल यांच्या घरी होती.

जेवणसुद्धा पुरेसं नाही

लग्नानंतर दोघांना एका गावात काम मिळालं नाही. गर्टी व्हिएन्नाच्या एका बालरुग्णालयात होत्या. कार्ल काही काळ ग्राझला ऑटो लोवी यांच्याकडे गेले. हे तेच लोवी, ज्यांनी बेडकाच्या हृदयावर प्रयोग करून मज्जातंतू रसायनामार्फत संदेश देतात हे दाखवलं. शिकायला याहून चांगली जागा कुठली? पण त्याच विद्यापीठात काम करण्यासाठी कार्ल यांना आपण ‘आर्य’ वंशाचे असल्याचं सिद्ध करावं लागलं. बायको ज्यू घरातली असलेल्या माणसाला यातून काय कळायचं ते कळलं. हिटलर सत्तेवर यायला तेव्हा अजून दहा-बारा वर्षं होती, हे लक्षात घ्या.

दुसरीकडे युद्धानंतरच्या व्हिएन्नात खाण्यापिण्याचे हाल होते. रुग्णालयात मिळणाऱ्या अपुऱ्या जेवणामुळे गर्टींना झेरोफ्थाल्मिया झाला. अ जीवनसत्त्वाच्या अभावी डोळे कोरडे पडतात, तोच आजार. प्रागला घरी जाऊन नीट जेवायला मिळालं तेव्हा कुठे त्या बऱ्या झाल्या. ज्या बाईने पुढे शरीर अन्नाचा साठा कसा करतं आणि कसा वापरतं हे जगाला सांगितलं, तिला पंचविशीच्या आसपास स्वतःला पुरेसं अन्न मिळत नव्हतं.

देश सोडायचा हे ठरलं, पण जायचं कुठे? त्यांनी डच सरकारकडे अर्ज केला होता, जावा बेटावर डॉक्टर म्हणून काम करायची तयारी दाखवून. तेवढ्यात अमेरिकेतल्या बफेलो शहरातून कार्ल यांना नोकरी आली. कर्करोगाच्या अभ्यासासाठी न्यूयॉर्क राज्याने चालवलेली ती संस्था होती. आज ती रॉसवेल पार्क या नावाने ओळखली जाते. 1922 साली कार्ल एकटेच पुढे गेले. गर्टींसाठी तिथे पॅथॉलॉजीत सहायक पदाची सोय झाल्यावर सुमारे सहा महिन्यांनी त्याही गेल्या. जावाचं आधी जमलं असतं, तर कदाचित आज कोरी सायकल या नावाने काहीच नसतं.

बफेलो: साखरेचा हिशोब

बफेलोत एक मोठी सोय होती. काय अभ्यास करायचा हे ठरवण्याची बरीच मोकळीक मिळत होती. एक अडचणही होती. गर्टींनी नवऱ्याबरोबर काम करणं थांबवलं नाही, तर त्यांना काढून टाकू, अशी ताकीद तिथल्या संचालकांनी दिली. दोघांनी एकत्र काम चालूच ठेवलं आणि गर्टींची नोकरीही टिकली.

संस्था कर्करोगाची होती आणि या दोघांना ओढ होती साखरेची. मग त्यांनी काय केलं? दोन्हींचा मेळ घातला. कोंबडीच्या एका पंखावर गाठ आहे आणि दुसरा पंख निरोगी आहे, अशा वेळी दोन्ही पंखांतून परत येणाऱ्या रक्तातलं ग्लुकोज आणि लॅक्टिक आम्ल मोजायचं. गाठीकडून आलेल्या रक्तात ग्लुकोज कमी आणि लॅक्टिक आम्ल जास्त सापडलं. प्रयोगाची रचना बघा: तुलनेचा कंट्रोल त्याच कोंबडीच्या दुसऱ्या बाजूला! प्रपोजल लिहिताना ‘संस्थेची थीम एक आणि माझा प्रश्न दुसरा’ अशी तक्रार आपण करतो, तेव्हा हा पंख आठवावा.

त्याच सुमारास, बफेलोपासून फार लांब नसलेल्या टोरांटोत इन्शुलिन सापडलं होतं. त्यामुळे शरीरात साखर नेमकी कुठे जाते, हा प्रश्न एकदम तातडीचा झाला. कोरी दांपत्याने तो वाण्याच्या हिशोबासारखा हाताळला. उंदराला मोजून साखर द्यायची. मग किती शोषली गेली, किती यकृतात साठली, किती स्नायूंत गेली, किती वापरली गेली, हे सगळं मोजायचं. जमा आणि खर्च जुळला पाहिजे. अॅड्रेनलिन दिल्यावर काय बदलतं, इन्शुलिन दिल्यावर काय बदलतं, तेही असंच. हे काम अवयव वेगळा काढून होत नव्हतं, आख्ख्या प्राण्यात करावं लागत होतं. या हिशोबातूनच 1929 साली लॅक्टिक आम्लाच्या चक्राची कल्पना मांडली गेली. आपण पाठ करतो ते चक्र हेच.

बफेलोतल्या नऊ वर्षांत दोघांचे मिळून सुमारे 50 पेपर झाले. ज्याने त्या कामात जास्त भाग उचलला, त्याचं नाव आधी, हा त्यांचा नियम होता. 1928 साली दोघांनी अमेरिकेचं नागरिकत्व घेतलं.

‘नवरा हवा, बायको नको’

आता काम साखरेकडे इतकं झुकलं होतं की कर्करोगाच्या संस्थेत राहणं अवघड होत चाललं. कार्ल यांना दुसरीकडून बोलावणी येऊ लागली. अमेरिकेत तेव्हा नवरा-बायको दोघांना एकाच ठिकाणी नोकरी न देण्याचे नियम अनेक विद्यापीठांत होते. कागदावर हेतू चांगला, वशिलेबाजी रोखण्याचा. व्यवहारात जवळजवळ प्रत्येक वेळी घरी बसायची ती बायको. एका विद्यापीठाने तर कार्ल यांना जागा देताना अट घातली, की बायकोबरोबरचं काम बंद करावं लागेल. गर्टींना बाजूला घेऊन सांगण्यात आलं, की तुम्ही नवऱ्याच्या प्रगतीच्या आड येताय आणि नवऱ्याने बायकोबरोबर काम करणं अमेरिकेच्या रीतीला धरून नाही.

नव्या समाजात रुजणं म्हणजे काय, याचं हे खरं उदाहरण आहे. भाषा शिकलात, नागरिक झालात, कर भरलात, तरी ‘आमच्याकडे असं करत नाहीत’ हे वाक्य कुठेतरी भेटतंच. कोरींनी ती जागा सोडली, रीत पाळली नाही. कार्ल यांनी अशा ऑफर नाकारल्या आणि दोघांना काम करता येईल अशी जागा शोधत राहिले.

ती 1931 साली सापडली, सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठाच्या मेडिकल स्कूलमध्ये. कार्ल औषधशास्त्र विभागाचे प्रमुख आणि प्राध्यापक झाले. गर्टींना जागा मिळाली ती रिसर्च असोसिएटची, पगार नवऱ्याच्या पगाराचा छोटासा हिस्सा.

सेंट लुईसचे दिवस

लॅबमधलं त्यांचं रोजचं जगणं ऐकण्यासारखं आहे. गर्टी जास्त वेळ प्रत्यक्ष बेंचवर असत. वेग, काटेकोरपणा आणि सतत हातात सिगारेट. दुपारचं जेवण सगळ्यांनी एकत्र करायचं आणि त्यावेळी नवे पेपर, नव्या कल्पना, पुस्तकं, सगळ्यावर बोलायचं. गर्टी शहरातल्या मर्कंटाइल लायब्ररीतून दर आठवड्याला पुस्तकांचा गठ्ठा मागवत आणि संपवून परत करत. घरी बाग आणि पाहुणे, सुट्टीत डोंगर.

1936 चा उन्हाळा अमेरिकेच्या मध्य भागात भयंकर होता. त्या उकाड्यात गर्टी दिवस भरत आले तरी लॅबमध्ये काम करत होत्या. ऑगस्टमध्ये त्यांना मुलगा झाला. लग्नाला 16 वर्षं झाली होती, वय 40. आणि त्याच वर्षी त्यांचा दुसरा मोठा शोध आला. बेडकाचे स्नायू बारीक करून धुतले आणि फॉस्फेटबरोबर ठेवले, तर एक नवाच पदार्थ मिळतो: ग्लुकोज-1-फॉस्फेट. यालाच कोरी एस्टर म्हणतात. ग्लायकोजेन तुटताना पहिली पायरी कोणती, याचं उत्तर यात होतं. ती पायरी घडवणारं एन्झाइम म्हणजे फॉस्फोरिलेज. 1939 साली त्यांनी हेच एन्झाइम वापरून परीक्षानळीत ग्लायकोजेन बनवून दाखवलं. जिवंत पेशीबाहेर एवढा मोठा जैविक रेणू तयार होणं ही तेव्हा अचंब्याची गोष्ट होती.

या लॅबचं दार बाहेरच्यांसाठी उघडं होतं. ज्यू असणं किंवा बाई असणं अनेक ठिकाणी अडचणीचं ठरायचं त्या काळात इथे दोघांनाही जागा मिळे. कारण सांगायची गरज नाही. इथे काम करून गेलेल्यांपैकी सहा जणांना पुढे नोबेल मिळालं: सेव्हेरो ओचोआ, आर्थर कॉर्नबर्ग, लुइस लेलॉयर, अर्ल सदरलँड, ख्रिश्चन द ड्यूव्ह आणि एडविन क्रेब्स. यातले ओचोआ स्पेनमधून निघालेले, लेलॉयर अर्जेंटिनाचे, द ड्यूव्ह बेल्जियमचे. जे स्वतः परके म्हणून आले होते, त्यांनी पुढच्या परक्यांची सोय केली.

दोन बायोडेटा शेजारी ठेवा

आता थोडं पद्धतीबद्दल. दोघांच्या कागदोपत्री पदांची नोंद एकाखाली एक लिहून पाहू.

1922, बफेलो: कार्ल जीवरसायनशास्त्रज्ञ, गर्टी पॅथॉलॉजीत सहायक.
1931, सेंट लुईस: कार्ल विभागप्रमुख आणि प्राध्यापक, गर्टी रिसर्च असोसिएट.
1943: गर्टी असोसिएट प्रोफेसर.
1947, जुलै: गर्टी प्रोफेसर.
1947, ऑक्टोबर: दोघांना नोबेल जाहीर.

फक्त ही यादी वाचली, तर ‘मोठा शास्त्रज्ञ आणि त्याची मदतनीस बायको’ अशी गोष्ट तयार होते. आणि अशा गोष्टी खूप लिहिल्या गेल्या आहेत. आता यादी बाजूला ठेवा आणि त्याच वर्षांतले पेपर काढा. कुठे कार्ल आधी, कुठे गर्टी आधी, काही गर्टींचे एकटीचे. चित्र एकदम बदलतं. 1936 चा कोरी एस्टर सापडला तेव्हा गर्टी कागदावर रिसर्च असोसिएट होत्या. 1939 साली परीक्षानळीत ग्लायकोजेन बनवलं तेव्हाही तेच पद.

म्हणजे पदनाम आपल्याला संस्था त्या व्यक्तीकडे कसं बघत होती, एवढंच सांगतं. लॅबमध्ये काय घडलं हे त्यातून कळत नाही. त्यासाठी पेपर, लेखकांचा क्रम, पद्धतींचं वर्णन, सहकाऱ्यांच्या आठवणी हे सगळं लागतं. इतिहासाचा प्रश्न कोणता, त्यावर साधन कोणतं वापरायचं हे ठरतं. आपण प्रयोगात कंट्रोल निवडतो तसंच आहे हे. लिटरेचर रिव्ह्यू करताना एखाद्याचं काम त्याच्या हुद्द्यावरून तोलू नका, असं मी म्हणतो ते यासाठीच.

दुसरी बाजूही मांडायला हवी. कार्ल यांनी ऑफर नाकारल्या, हे मोठं होतंच. पण नकार देऊनही त्यांना पुढची ऑफर येत होती. गर्टींकडे नाकारायला ऑफरच नव्हती. एकत्र राहण्याचा निर्णय दोघांचा, त्याची किंमत मात्र पद आणि पगाराच्या रूपात एकीनेच दिली. दोघं एकमेकांशी कितीही बरोबरीने वागले तरी बाहेरचा नियम घरातल्या समतेला जुमानत नाही.

शेवटची दहा वर्षं

1947 च्या उन्हाळ्यात कोलोरॅडोत डोंगर चढताना गर्टींना चक्कर आली. तपासण्यांत निघाला मायलोफायब्रोसिस, म्हणजे अस्थिमज्जेत रक्त तयार होणंच हळूहळू बंद पडणारा आजार. त्यावर उपाय नव्हता. त्याच ऑक्टोबरात नोबेल जाहीर झालं. निम्मं पारितोषिक या दोघांना आणि निम्मं अर्जेंटिनाच्या बर्नार्डो हौसे यांना. विज्ञानातलं नोबेल मिळालेल्या गर्टी या पहिल्या अमेरिकन महिला आणि वैद्यकशास्त्राच्या नोबेलमध्ये तर जगातल्या पहिल्याच. डिसेंबरमध्ये दोघं स्टॉकहोमला गेले. तिथल्या भाषणात कार्ल यांनी साधारण एवढंच सांगितलं, की आमचं काम एकमेकांना पूरक होतं आणि एकट्याने कुणीच इतकं पुढे गेलं नसतं.

पुढची दहा वर्षं गर्टी रक्त चढवून घेत काम करत राहिल्या. ऑफिसमध्ये एक छोटी कॉट ठेवली होती. दमल्या की आडव्या व्हायच्या, मग परत बेंचवर. याच काळात त्यांनी लहान मुलांचे ग्लायकोजेन साठण्याचे आजार हाती घेतले. 1952 साली गर्टी आणि कार्ल यांनी दाखवलं, की त्यातल्या एका आजारात यकृतातलं ग्लुकोज-6-फॉस्फेटेज हे एन्झाइमच नसतं. आनुवंशिक आजाराचं बोट एका नेमक्या एन्झाइमवर ठेवण्याच्या सुरुवातीच्या उदाहरणांपैकी हे एक. यातल्या तिसऱ्या प्रकाराला आज कोरी डिसीज असंही म्हणतात. व्हिएन्नाच्या बालरुग्णालयातून निघालेली डॉक्टर 30 वर्षांनी पुन्हा मुलांच्या आजारांपाशी आली. 26 ऑक्टोबर 1957 रोजी गर्टी गेल्या. कार्ल 1984 पर्यंत होते.

मग आपण काय घ्यायचं?

पीएचडीची तयारी करणाऱ्या अनेकांची गोष्ट मला माहीत आहे. एकाची फेलोशिप हैदराबादला, दुसऱ्याची नोकरी पुण्यात. घरचे विचारतात, ‘लग्नानंतर ती काय करणार?’ ‘तो काय करणार’ हे क्वचितच कुणी विचारतं. कोरींच्या गोष्टीतून याला तयार उत्तर मिळत नाही. खासगी विद्यापीठ मिळालं, थोडं नशीबही होतं, आणि प्रत्येकाला गर्टींइतकी किंमत मोजायला सांगणं हा शहाणपणा नाही.

पण दोन गोष्टी नक्की घेता येतात. एक, लॅब निवडताना फक्त गाईडचे पेपर बघू नका. तिथे कोण टिकतं, कोण मध्येच सोडून जातं, मुलींची नावं पेपरवर कितव्या क्रमांकावर येतात, बाहेरगावहून आलेल्यांना दुपारच्या जेवणाला कुणी बोलावतं का, हेही विचारा. जुन्या विद्यार्थ्यांना एक फोन केला तरी बरंच कळतं. दोन, जोडीदाराशी किंवा घरच्यांशी हा विषय ऑफर लेटर यायच्या आधी बोला. कुणाची कोणती तडजोड, किती वर्षांसाठी, हे स्पष्ट ठरवा आणि ती आळीपाळीने व्हावी हेही ठरवा. कोरींच्या वाट्याला ही आळीपाळी आली नाही. तुमच्या हातात ती थोडीफार आहे.

आणि पुढच्या वेळी कोरी सायकलवर प्रश्न आला, की मनातल्या मनात अनेकवचन वापरा.